वावरात फौजीदादाकडे शिकू, की पैसे भरून नेमबाजीच्या रेंजवर?

"सर नमस्कार. अमळनेरला आमचं सराफीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. यंदा पॉइंट ३२ रिव्हॉल्वरचं लायसन्स मिळालं, हत्यारही घेतलं. अर्जासोबत ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जोडलं होतं पण खरं सांगू का, ते एका दुपारीच मिळालं, मला धड काही येत नाही. आता पुण्याचा एक चार दिवसांचा कोर्स बघून ठेवलाय, फी, राहणं आणि तेवढे दिवस दुकान बंद असं सगळं धरलं तर खर्च बराच होतो. आमचे चुलत मोठे भाऊ १७ वर्षं फौजेत होते, ते म्हणतात, 'कसाले पैसा वाया घालस, वावरमा ये, मी शिकाडस तुले.' यूट्यूबवर पण सगळं आहेच. मग प्रोफेशनल ट्रेनिंगचा खरंच फायदा होतो का, की तेवढ्याच पैशाच्या गोळ्या आणून स्वतःच प्रॅक्टिस केलेली बरी? अजून एक, मुलगी आठवीत आहे, तिला एअर पिस्तूल शिकायचंय. घरीच एअरगन आणून दिली तर चालेल का?" — एक वाचक, अमळनेर

भाऊ, सर्टिफिकेट हातात असताना "मला येत नाही" म्हणणारा माणूस फार क्वचित भेटतो, त्यामुळे तुझं पत्र वाचून बरं वाटलं. उत्तर आधी देऊन टाकतो. कोर्स कर. पण चार दिवस पुण्याला जाऊन आला, फोटो काढले, फेसबुकला टाकले आणि मग रिव्हॉल्वर दोन वर्षं तिजोरीत, असं करणार असशील तर तो पैसा गेला समज. आणि नुसत्या गोळ्या आणून एकट्यानंच ठो ठो करणार असशील तर तो पैसा त्याहून वाईट गेला, कारण त्यात तू स्वतःचीच चूक पक्की करून घेशील आणि वरून तिचं बिलही भरशील.

पोलीस खात्यात माझी बरीच नोकरी फायरिंग बटावर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, पोरांच्या मागे उभं राहण्यात गेली, त्यामुळे मी जे सांगतोय ते टार्गेटवरची भोकं बघून नाही, फायर करणाऱ्याचं मनगट बघून सांगतोय. एकट्यानं शिकण्यातली खरी अडचण गोळ्यांचा खर्च नाहीये, अडचण ही आहे की बंदूक उडते तेव्हा स्वतःची चूक स्वतःला दिसतच नाही. आवाज, झळ, झटका हे सगळं एकाच क्षणात होतं आणि त्याच्या आत तुझ्या हातानं काय केलं ते झाकलं जातं. नव्या माणसाचं काय होतं, की दोन-तीन गोळ्या झाल्या की डोक्याला कळतं आता झटका येणार, मग ट्रिगर पूर्ण दाबला जायच्या आधीच मनगट खाली ढकलतं, डोळे मिटतात, खांदे आखडतात. गोळी खाली लागते. तो बघतो खाली लागली, म्हणतो साइटच (नळीवरची नेम धरायची खूण) बिघडलीये, मग पुढच्या वेळेस नेम वर धरतो. आता नेम वर आणि मनगट खाली, दोन चुका एकमेकीला कापतात आणि एखादी गोळी बरोबर मधोमध लागते, मग तर तो खुशच, म्हणतो जमलं. काहीच जमलेलं नसतं. काकानं मैदानात गाडी शिकवलेला माणूस बघ, वीस वर्षं क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतो आणि म्हणतो माझ्या क्लचप्लेटा लवकर का जातात, तसलाच प्रकार.

चांगला उस्ताद ही चूक कशी पकडतो ते सांगतो, म्हणजे तू पैसे कशाचे देतोय ते कळेल. तो तुझं रिव्हॉल्वर मागून घेतो, तुझ्याकडे पाठ करतो, सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात, काही घरांत खरी काडतुसं भरतो आणि काही घरांत वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या, सिलिंडर बंद करतो आणि हत्यार तुझ्या हातात देतो. कुठं काय आहे तुला माहीत नाही. पहिली उडते, ठीक. दुसऱ्याला ट्रिगर दाबला की नुसतं टक, आवाज नाही, झटका नाही, आणि तरीसुद्धा नळी चांगली दोन-दोन इंच खाली झुकलेली असते. तुझ्याच डोळ्यासमोर. तिथं बाजूला उभ्या असलेल्या उस्तादाला एक शब्द बोलावा लागत नाही, माणूस स्वतःच हसतो नाहीतर लाल होतो. मग तो परत भरतो, परत देतो, आणि हे नळी हलायची थांबेपर्यंत चालतं. आता तू म्हणशील हे मी घरच्या कोणाकडून पण करून घेईन. भरून घेशील भो, पण नळी झुकली ती मनगटामुळे, का ट्रिगरवर बोट जास्त आत गेलं म्हणून, का डाव्या हाताची पकड मध्येच सैल पडली म्हणून, हे ओळखायला बाजूला तो डोळा लागतो ज्यानं अशी शंभर मनगटं बघितलीयेत.

आणि थोड्या चुकीनं काय होतं म्हणशील तर साधं गणित कर. तुझ्या छोट्या नळीच्या रिव्हॉल्वरवर पुढची साइट आणि मागची साइट यांच्यात समजा दहा सेंटीमीटर अंतर आहे. ट्रिगर दाबताना पुढची साइट फक्त एक मिलिमीटर सरकली, म्हणजे नखाएवढी पण नाही, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटीमीटर बाजूला जाते. एक मिलिमीटरला दहा सेंटीमीटर! तुझ्या दुकानात काउंटरच्या पलीकडे चोराच्या शेजारी एक गिऱ्हाईक बाई लेकराला घेऊन उभी आहे असं धर आणि मग सांग हे थोडं आहे का. लांब नळीची रायफल या बाबतीत माणसाला बरंच माफ करते, छोटं रिव्हॉल्वर अजिबात करत नाही, म्हणून लोकांना वाटतं तसं ते "सोपं हत्यार" नाहीये, सगळ्यात अवघड तेच आहे.

अजून एक गोष्ट जी एकट्याला वर्षानुवर्षं कळत नाही ती डोळ्याची. जसा माणूस उजवा-डावा असतो तसा एक डोळा पण जोरात असतो, आणि बऱ्याच उजव्या हाताच्या लोकांचा डावा डोळा जोरात असतो. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी कर, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ आणि एकेक डोळा मिट, ज्या डोळ्यानं घड्याळ खिडकीतच राहतं तो तुझा जोराचा डोळा. उस्ताद हे पहिल्या पाच मिनिटांत बघतो. ज्यानं हे बघितलं नाही तो सगळ्या गोळ्या एका बाजूला लागतात म्हणून हत्यार बदलायच्या गोष्टी करतो.

आता यूट्यूब. मी काही त्याच्या विरोधात नाही, बरेच व्हिडिओ चांगले असतात. पण ते बहुतेक अमेरिकेतले, तिथल्या माणसाच्या हातात मॅगझिनवालं ९ एमएमचं पिस्तूल. आपल्याकडे ९ एमएम प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप, आहे, सिव्हिलियन लायसन्सवर ते मिळतच नाही, आणि तुझं तर रिव्हॉल्वर. फरक काय पडतो? फार पडतो. त्या व्हिडिओत दोन्ही अंगठे पुढे, नळीच्या दिशेला सोडायला सांगतात, पिस्तुलाला ते बरोबर आहे. रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, गोळी उडताना त्या फटीतून तापलेला गॅस आणि शिशाचे कण बाजूला जोरात बाहेर पडतात, आणि अंगठा किंवा बोट तिथं असेल तर भाजतं, मोठ्या बोअरला तर कातडीच फाडून नेतं. व्हिडिओ करणाऱ्याचा काही दोष नाही, त्यानं त्याच्या हत्याराचं सांगितलं, तुझ्या हातात काय आहे हे त्याला दिसत नाही, एवढंच.

दुसरं उदाहरण, आणि हे मी मुद्दाम सांगतो कारण यात जीव जातो. कधी कधी ट्रिगर दाबला की नेहमीसारखा आवाज न येता फुस्स असा आवाज येतो. काडतुसात दारू कमी असेल, ओल लागली असेल, तर गोळी नळीतच अडकून बसते. एकटा असलेला माणूस काय करतो? म्हणतो ही फुसकी निघाली, पुढची दाबतो. पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी फुगते नाहीतर फाटते, तुझ्या तोंडासमोर. आणि आवाजच आला नाही, नुसतं टक झालं, तर हत्यार लगेच उघडायचं नाही, नळी टार्गेटकडेच धरून चांगलं तीस सेकंद थांबायचं, कारण कधी कधी उशिरा पेट घेते. रेंजवर हे घोकून घेतात. आपल्याकडे तर जुनी काडतुसं जपून ठेवायची भारी हौस, आजोबांच्या बारा बोअरची काडतुसं अजून कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागे डब्यात पडलेली असतात, चार पावसाळे खाल्लेली. आपल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलची काडतुसं बनतात, तिथं काम केलेला कोणी ओळखीचा असेल तर विचार त्याला, की माल बाहेर जायच्या आधी लॉटमधून नमुने काढून उडवून बघतात ते कशाला.

आता फौजीदादा. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्याकडून तू शिकायचंच आहे, पण काय शिकायचं ते ठरवून घे. फौजेत माणसाच्या हाडात जी गोष्ट बसते ती म्हणजे नळी कुठं आहे याचं भान, बोट ट्रिगरच्या बाहेर, हत्यार हातात आलं की आधी खोलून बघायचं, दुसऱ्यानं "खाली आहे" म्हटलं तरी स्वतः बघायचं. हे त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवणार नाही. मजबूत पकड, सही शिस्त (म्हणजे नेम), दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन हे त्यांना झोपेत पण येत असेल, एनसीसी केलेल्यांना पण आठवत असेल. पण ते शिकले रायफलवर, जमिनीवर पोटावर झोपून, टार्गेट शंभर नाहीतर तीनशे मीटरवर, मागे उस्ताद, हुकूम मिळाला की फायर. तुझा प्रसंग काय असणार, तर उभं राहून, तीन मीटरवर, गल्ल्याच्या मागे अडकून, समोर गिऱ्हाईक. तो अभ्यास वेगळा. आणि चांगला फायर करणारा चांगला शिकवतोच असं नाही, खात्यात मी पैकीच्या पैकी मार्क घेणारे लोक बघितलेत ज्यांना समोरच्याचं का चुकतंय ते सांगताच यायचं नाही, ते फक्त म्हणायचे "असं धर, माझ्यासारखं."

पण वावरात फायरिंग करायचं नाही. हे ठळक अक्षरात वाच. तुझं लायसन्स स्वसंरक्षणाचं आहे, कपाशीत पत्र्याचा डबा टांगून सराव करायचं नाही, आणि ते तुझ्या नावावर आहे, दादांच्या नाही, दादांच्या हातात हत्यार देऊन "दाखवा बरं" म्हणायची ती गोष्ट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात सरळ लिहिलंय, निष्काळजीपणे किंवा लग्ना-वरातीत हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर लायसन्सही जाईल ते वेगळंच. कायदा बाजूला ठेवला तरी गोळी ऐकत नाही भाऊ. पॉइंट २२ ची शेंगदाण्याएवढी गोळी सुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आपल्या वावरात दीड किलोमीटरच्या आत काय काय असतं? शेजारच्याची केळी, त्यात घड उतरवणारी माणसं जी तुला पानांमुळे दिसत पण नाहीत, बांधावर डबा खाणाऱ्या बाया, सालदाराची पोरं, पाटाला आलेली गुरं. मागे मातीचा उंच बंधारा आहे म्हणशील, तर त्या मातीत दगड आहेत, दगडावर आपटलेली गोळी कुठं उडेल ते कोणी सांगू शकत नाही. रेंजवर मागची भिंत, वाळू, बाजूच्या भिंती हे सगळं त्यासाठीच असतं, फीमधला एक हिस्सा त्या भिंतीचा आहे. आणि कानाचं पण बघ, रिव्हॉल्वरचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, तेवढा एकदाच कानावर पडला तरी कान कायमचा दुखावू शकतो, दादांना विचार त्यांच्या कानात शिट्टी वाजते का.

(चोपडा, शिरपूर बाजूला गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या तू पेपरात वाचतच असशील, त्यामुळे आपल्या भागात कुठल्याही वावरातून दोन-तीन बार ऐकू आले की लोक आता ११२ लावतात, आणि पोलीस येतात तेव्हा लायसन्स दाखवेपर्यंत तू संशयितच असतो.)

आता तुझ्या कामाचं, म्हणजे दुकानाचं. मला कोर्समधलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं विचारशील तर नेमबाजी दुसऱ्या नंबरला येते. पहिल्या नंबरला ते येतं की हत्यार कधी काढायचं नाही. दुकानात घुसणारे बहुतेक वेळा एकटे येत नाहीत, त्यातला एक आधीच गिऱ्हाईक म्हणून अंगठी बघत बसलेला असतो. रिव्हॉल्वर गल्ल्यात कुलूप लावून ठेवलं असेल तर ते वेळेवर निघत नाही, आणि उघडं ठेवलं असेल तर ते नोकराच्या, मुलीच्या, चोराच्या हाती लागतं. घाबरल्यावर बोटं थंड पडतात, किल्ली फिरवायला जमत नाही, कान बंद झाल्यासारखे होतात, डोळ्यांना फक्त समोरचं दिसतं आणि बाजूची माणसं दिसेनाशी होतात. चांगल्या कोर्समध्ये हे रिकाम्या, डमी हत्यारावर करून घेतात, एक जण चोर होतो, एक गिऱ्हाईक, आणि दहापैकी आठ वेळा माणसाला स्वतःलाच कळतं की इथं हात वर करून सोनं जाऊ देणं आणि पॅनिक बटण दाबणं बरोबर होतं. सोन्याचा इन्शुरन्स असतो. हे बोलायला सोपं, दुकानात उभं असताना सुचायला अवघड, म्हणून आधी करून बघायचं.

आणि कायदा. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काचे आहेत, जुन्या आयपीसीत ते ९६ ते १०६ होते. लोक ऐकून असतात की स्वसंरक्षणात सगळं माफ. तसं नाहीये, गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही, आणि थैली टाकून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी घातली तर तू कोर्टात कोणत्या बाजूला उभा असशील ते एखाद्या फौजदारी वकिलाला चहा पाजून विचार, कोर्सच्या फीपेक्षा ते स्वस्त आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत लायसन्ससाठी जे ट्रेनिंग सांगितलंय त्यात हत्यार हाताळणं, ठेवणं, नेणं, फायरिंग आणि कायद्याची माहिती हे सगळंच येतं. तुझ्या एका दुपारच्या सर्टिफिकेटात यातलं किती झालं ते तुलाच माहीत, मी काय बोलू.

कोर्स निवडताना ब्रोशरवरचे काळे टीशर्ट आणि गॉगल बघू नको. फोन करून विचार की एका शिकवणाऱ्यामागे लाइनवर किती जण उभे असतात. चार-पाचाच्या वर असतील तर तो तुझ्याकडे बघणार कधी? विचार की रिव्हॉल्वर शिकवता का, का सगळं .२२ पिस्तुलावरच. जमलं तर एक दिवस नुसतं बघायला जा आणि शिकवणारा कुठं बघतो तेवढं बघ. तो टार्गेटकडे बघून "शाबास, वर मारा थोडं" म्हणत असेल तर परत ये, तो माणसाच्या हाताकडे बघत असेल तर पैसे भर. आणि पहिल्या तासाला गोळी न देता नुसतं रिकाम्या हत्यारावर बसवत असेल तर चिडू नको, तोच चांगला. चार दिवसांचा मोठा कोर्स घ्यायच्या ऐवजी दोन दिवसांचा छोटा मिळाला तर तो घे आणि उरलेल्या पैशातून चार-सहा महिन्यांनी परत एकेक दिवस जा, माझं हे ठाम मत आहे, कारण पहिल्या दिवशी शिकलेलं घरी येऊन बिघडतं आणि बिघडलेलं परत कोणीतरी बघावं लागतं. स्वतःचं हत्यार न्यायचं असेल तर लायसन्सवर एरिया काय लिहिलाय बघ, नुसता जळगाव जिल्हा असेल तर पुण्याला नेता येणार नाही, मग रेंजचंच हत्यार वापरावं लागेल. रेंजवाल्यांना आणि आपल्या पोलीस ठाण्याला आधी विचारून घे, आणि गोळ्यांचा हिशेब लिहून ठेव, किती घेतल्या किती उडवल्या, उद्या कोणी विचारलं तर वही पुढे करता आली पाहिजे.

स्वतःची प्रॅक्टिस मग कुठं येते? ती येते मधल्या महिन्यांत, आणि तिथं ती कोर्सपेक्षा जास्त काम करते, हे पण तितकंच खरं. कोर्स चूक दाखवतो, ती घालवायची घरी, आणि त्याला एकही गोळी लागत नाही. रात्री दुकान वाढवून जेवण झालं की एक खोली ठरव. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, त्या खोलीत एकही नाही. सिलिंडर उघडून सहाची सहा घरं डोळ्यांनी बघ आणि बोटानंही चाचप. डमी काडतुसं मिळाली तर ती घाल, म्हणजे काडतुसावर मारणारी पिन नुसती आपटत नाही. समोर पक्की विटांची भिंत, जिच्या पलीकडे माणूस झोपत नाही. मग पुढच्या साइटमागे नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता ट्रिगर पूर्ण दाबायचा. पहिले दिवस नाणं टणटण फरशीवर पडत राहील, घरचे विचारतील काय चाललंय. दहा मिनिटं बस, जास्त नको, हात थकला की परत चुकीची सवय लागते. आणि संपलं की संपलं, मोठ्यानं "झालं" म्हण आणि हत्यार कुलपात, कारण घरात चुकून गोळी उडाल्याचे बरेच प्रकार या "अजून एकदाच" मध्ये होतात, मधे फोन येतो, माणूस हत्यार भरून ठेवतो, परत येतो आणि विसरतो. एक लक्षात ठेव, हे तुझ्या सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या मधोमध पिन मारणाऱ्या, रिव्हॉल्वरचं सांगितलं, .२२ ला रिकामं मारत बसू नये, त्याची पिन काडतुसाच्या कडेवर मारायला केलेली असते, रिकाम्यात ती नळीच्या कडेवर आपटून खराब होते.

मुलीचं वाचून मला जास्त आनंद झाला खरं सांगायचं तर. ४.५ एमएम म्हणजे पॉइंट १७७ ची आणि २० जूलच्या आतल्या ताकदीची एअरगन घ्यायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे आणायला आणता येईल. पण घरी आणून गच्चीवर सोडू नको. एअरगनचा छर्रा डोळा घालवतो, आणि गल्लीत चिमण्या-कबुतरं मारायची सवय लागते ती वेगळीच. दहा मीटर एअर पिस्तुलाचं जे टार्गेट असतं त्यातलं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, आणि पिस्तूल एका हातात धरायचं असतं, साठ शॉट, सव्वा तासात. एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. हे एकट्यानं गच्चीवर येत नाही. पहिल्या वर्षात उभं कसं राहायचं आणि श्वास कुठं थांबवायचा एवढंच शिकतात पोरं, आणि त्याच वर्षात चुकीचं उभं राहायची सवय लागली तर ती मोडायला पुढची दोन वर्षं जातात.

स्वप्नील कुसाळे आठवतोय ना, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, तेव्हा आपल्या मध्य रेल्वेतलाच टीसी, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. शेतकरी भागातला पोरगा, पण तयार झाला तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, प्रशिक्षकांच्या हाताखाली. मनू भाकरचं बघ, टोकियोच्या आधी ती आणि तिचे प्रशिक्षक जसपाल राणा वेगळे झाले, २०२३ ला परत एकत्र आले आणि पॅरिसला तिनं दोन ब्राँझ आणली. जागतिक पातळीवरच्या माणसाला मागे कोणीतरी उभं लागतं, मग आठवीतल्या पोरीला का लागू नये. जवळपास दहा मीटरची रेंज आहे का याची जळगाव, धुळ्याला चौकशी कर, एअरची रेंज म्हणजे एक लांबडा हॉल असतो, फार मोठं काही नसतं, शाळेच्या क्रीडा शिक्षकाला विचारलं तर तो जिल्हा क्रीडा कार्यालयातून माहिती काढून देईल. सहा महिने क्लबचंच पिस्तूल वापरू दे, टिकली तर घेऊन दे, तोवर पैसे अडकवू नको. आणि प्रॅक्टिस झाली की हात साबणानं धुतल्याशिवाय डबा खायचा नाही हे तिला पहिल्या दिवशी सांग, छर्रे शिशाचे असतात.

एवढंच की पुढे ढकलू नको. निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यातून फोन येतो, हत्यार आणून जमा करा, आणि आचारसंहिता उठेपर्यंत ते तिथंच पडतं. रेंजवाल्यांची तारीख आधी पक्की कर, मग दुकानाच्या शटरवर बोर्ड लाव, आणि लग्नसराई सोडून कुठलेही दिवस बघ म्हणजे घरचे बोंब मारणार नाहीत.